चार देशांची एक होडी

मी आयुष्यात एकदाच परदेशी गेले आणि तेही नर्मदेच्या कृपेने. धडगाव तालुक्यात धरणाच्या फुगवट्यावर जो तरंगता दवाखाना चालतो, त्यात मी सोळा वर्षं नर्स होते. डोंगरात रस्ते नाहीत, म्हणून दवाखानाच पाण्यावरून गावोगाव जायचा. निवृत्त होऊन शहाद्याला आले, गच्चीवर मिरच्या वाळवायला लागले आणि एक दिवस मस्कतहून पत्र आलं. हिंदी महासागरातले चार चिमुकले बेटदेश मिळून दवाखान्याची एक मोठी होडी घेणार होते. त्यांची बैठक ओमान भरवत होतं. पाण्यावरचा दवाखाना प्रत्यक्ष चालवलेल्या कुणीतरी येऊन वीस मिनिटं बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. माझं नाव आमच्या जुन्या डॉक्टरांनी कळवलं होतं. मुलगा म्हणाला, "आई, फसवणूक असणार." सून म्हणाली, "तिकीट आलंय, आता जायचं." मी सुनेचं ऐकलं.

त्या चार देशांची नावं मी इथे सांगणार नाही. तिथे माणसं इतकी थोडी, की देशाचं नाव घेतलं की माणसाचं नाव घेतल्यासारखंच होतं. विमानाबद्दलही काही सांगत नाही, कारण मला खिडकी मिळाली नाही.

रुवी

विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन इकबालभाई उभे होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि पाटीवर मराठीत "मंगल सिस्टर". मी बघतच राहिले.

"तुमी पयल्यांदाच आलाव ना? मग इंग्लिश पाटी कशाला? घाबरायला होतं मानसाला," ते म्हणाले. इकबालभाई गुहागरकडचे, पंचवीस वर्षं मस्कतमध्ये. बैठकीच्या पाहुण्यांची गाडी त्यांच्याकडे होती. "शहादा म्हणजे कुटं आलं ते?"

"नंदुरबार जिल्हा. खानदेश."

"म्हणजे समुद्र नाय."

"नदी आहे."

"मग चालंल," त्यांनी मला पास करून टाकलं.

हॉटेलवर नेण्याआधी त्यांनी मला रुवीत नाश्त्याला नेलं. रुवी म्हणजे मस्कतमधला आपल्या लोकांचा भाग. दुकानांच्या पाट्या वाचत गेलं की निम्मा भारत होतो. तिथल्या टपरीवर पराठ्यात चीज पसरून त्यावर बटाट्याच्या चिप्स चुरून गुंडाळी करून देतात आणि सोबत चांगला उकळलेला, घट्ट चहा. पराठ्यात चिप्स ही कल्पना मला आधी लहान पोरांची वाटली. दुसरा पराठा मागवल्यावर मात्र मी मत बदललं. माझ्या पिशवीत सुनेने दिलेली ठेच्याची बाटली होती. ती उघडून मी पराठ्याला लावली, तेव्हा शेजारच्या बाकावरचे दोघे मलबारी भाऊ जरा सरकून बसले.

मस्कत पाहून मला पहिल्यांदा जाणवला तो पांढरा रंग. तपकिरी, बोडके डोंगर आणि त्यांच्या पायाशी पांढरी, बेताच्या उंचीची घरं. रस्ते असे, की कुंकवाची डबी सांडली तरी उचलून घ्यावी. इकबालभाई दर थांब्यावर गाडी पुसत होते. मळकी गाडी दिसली तर इथे दंड होतो म्हणे. आमच्या शहाद्यात हा कायदा आला तर बसस्थानकच बंद पडेल.

कुरुम

बैठक मस्कतच्या कुरुम भागातल्या एका हॉटेलात होती. लांब टेबल, चार छोटे झेंडे आणि प्रत्येक झेंड्यामागे तीन-चार माणसं. तीन देशांचं ठीक होतं. चौथ्या झेंड्यामागे मात्र दोनच जण होते. पुढे एक भरदार, काळ्याभोर, मोठ्याने हसणाऱ्या बाई आणि त्यांच्या मागच्या खुर्चीत दोन बॅगा मांडीवर घेऊन बसलेले एक सडपातळ गृहस्थ. बाईंचं नाव रोझलीन. त्यांच्याकडे आरोग्य, मासेमारी आणि टपाल अशी तीन खाती होती. मागचे तेओ, अकरा वर्षांपासूनचे त्यांचे चिटणीस. तेओ रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत आणि उरलेले सहा दिवस गप्प बसत.

माझं इंग्रजी म्हणजे केसपेपरचं इंग्रजी. पण रोझलीनबाईंचंही फारसं वेगळं नव्हतं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. जेवताना मी त्यांना ठेचा दिला. त्यांनी चमचाभर तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सिस्टर, आमच्याकडे अशीच मिरची असते. इथे आल्यापासून मी आजाऱ्यासारखं जेवतेय."

त्यांच्या देशाची संसद पंधरा जणांची. "एका लग्नात कुणाचा मानपान राहिला, तर आमचं सरकार पडतं," त्या म्हणाल्या.

"आमच्या ग्रामपंचायतीतही तसंच," मी म्हटलं. "पण आमच्याकडे अविश्वास आला की सदस्यांना आधी सहलीला नेऊन ठेवतात."

"आमच्याकडे नेणार कुठे? सगळे एकाच बेटावर. फुटलेला माणूस संध्याकाळी समोरच्याच दुकानात पाव घेताना भेटतो."

अकरा वर्षांत त्यांनी पाच पंतप्रधान पाहिले होते. प्रत्येकाने त्यांना मंत्रिपदी ठेवलं, कारण लसी कुठे ठेवल्या आहेत हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पण ही होडी दर वेळी अडायची. कधी यांचं सरकार पडे, कधी शेजारच्यांचं, आणि नवा माणूस आला की कागद पहिल्या पानापासून. शिवाय चौघांची आपसात भांडणं होतीच. दोन देशांचा तर एका खडकावरून वाद होता आणि तो खडक भरतीच्या वेळी दिसतसुद्धा नाही. आता होडीला पैसे देणाऱ्या संस्थेने शेवटचं सांगितलं होतं: चौघांच्या सह्या, एकाच टेबलावर, एकाच दिवशी. एक जरी कमी पडली तर होडी दुसऱ्या कुणाला जाईल.

"मी आधी शाळेत शिकवायचे," रोझलीनबाई म्हणाल्या. "माझी एक विद्यार्थिनी बाळंतपणाला मासेमारीच्या होडीतून निघाली. सहा तासांचं पाणी. ती पोचली नाही." एवढं बोलून त्यांनी पुन्हा ठेचा मागितला. मला गलबलून आलं, कारण नर्मदेवर मीही एकदा अशीच उशिरा पोचले होते.

माझं भाषण दुसऱ्या दिवशी झालं. भाषण कसलं, मी प्रात्यक्षिकच केलं. डोलत्या होडीत बाळंतपण कसं करायचं हे शब्दांत सांगता येईना, तेव्हा मी विचारलं, "पेशंट कोण होणार?" मंत्रिमहोदया उठल्या, दोन खुर्च्या जोडून आडव्या झाल्या आणि असं काही विव्हळायला लागल्या, की हॉटेलचा मॅनेजर धावत आला. मी खुर्ची पायाने हलवत होते, तेओ घाबरून दोन्ही बॅगा छातीशी धरून उभे होते आणि खडकावरून भांडणारे दोन्ही देश खांद्याला खांदा लावून हसत होते. शेवटी मी एकच गोष्ट गंभीरपणे सांगितली. होडी ठरलेल्या वारी गेलीच पाहिजे, रुग्ण असो वा नसो. आमच्याकडे पहिले दोन महिने किनाऱ्यावर फक्त शेळ्या येत होत्या. तिसऱ्या महिन्यात माणसं आली, कारण होडी चुकत नाही हे त्यांना पटलं.

कुरियात

तिसऱ्या दिवशी यजमानांनी सगळ्यांना आपल्या घरी जेवायला नेलं. यजमान म्हणजे सालिमसाहेब, ओमानच्या बाजूने बैठक चालवणारे. सत्तरीचे, पांढरा पायघोळ झगा, डोक्यावर कशिद्याची टोपी, तरुणपणी जहाजावर कप्तान. त्यांचं घर मस्कतच्या पुढे कुरियात नावाच्या कोळ्यांच्या गावात होतं. किनाऱ्यावर सुरमई अशी मांडलेली, की इकबालभाईंची पावलं तिथून निघेनात.

बैठकीच्या खोलीत गाद्यांवर बसवून आधी हलवा दिला, मग काहवा. काहवा म्हणजे दूध-साखरेविना वेलचीची कॉफी, अंगठ्याएवढ्या कपात, तीही जेमतेम तळ झाकेल एवढी. आता आमची रीत अशी, की दिलेलं संपवलं म्हणजे झालं. मी संपवला. वाढणाऱ्याने पुन्हा भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. नको म्हणायला कपावर हात धरला, तर तो अदबीने हात बाजूला व्हायची वाट बघत उभाच राहिला. पाचव्या कपाला इकबालभाई कानाशी कुजबुजले, "सिस्टर, कप हालवा. असा, डावीउजवीकडं. हालवल्याबिगर त्यो थांबनार नाय. आनि पाव्हना पीत असला की कुनी उठत बी नाय." मी कप हलवला आणि बिचारी खोलीभर माणसं मोकळी झाली. तीन कपांच्या पुढे जाणं म्हणजे हावरटपणा, हेही मला तेव्हा कळलं.

तिथेच दुसरी एक रीत पाहिली. एक म्हातारे गृहस्थ आले. सालिमसाहेबांनी विचारलं, "शी उलूम?" म्हणजे काही खबर? म्हाताऱ्याने सांगितलं, काही नाही, सगळं क्षेम. मग आणखी एकाने तेच विचारलं आणि तेच उत्तर मिळालं. काहवा झाल्यावर म्हातारा हळूच म्हणाला, की सकाळी त्याच्या होडीचं इंजिन समुद्रात बंद पडलं आणि मुलगा अजून ओढून आणतोय. लगेच दोघे उठून मदतीला निघाले. सालिमसाहेब मला म्हणाले, "खबर वाईट असली तरी दारात सांगायची नाही. आधी माणूस बसला पाहिजे." आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात हे खरं, पण ते प्यायच्या आत अख्ख्या भाऊबंदकीची हालहवाल विचारून होते.

जेवण बायकांच्या खोलीत, जमिनीवर, एका परातीत. भाजलेली सुरमई आणि लिंबाचा भात. रोझलीनबाई आणि मी मिळून त्या परातीचा जो फडशा पाडला, तो पाहून सालिमसाहेबांची बायको खूश झाली.

पुन्हा कुरुम

चौथा दिवस सह्यांचा. सकाळी नाश्त्याला उतरले, तर रोझलीनबाई पपई कापत होत्या आणि तेओ समोर फोन धरून पांढरेफटक बसले होते.

"सिस्टर, बसा," बाई म्हणाल्या. "रात्रीत आमचे दोघे फुटले. सरकार पडलं. नव्या पंतप्रधानाने पहाटे शपथ घेतली. सकाळपासून मी नुसती रोझलीन आहे."

"मग सही?"

"माझी आता चालणार नाही. आणि नवा पंतप्रधान फोन उचलत नाही. त्याला मी मागच्या महिन्यात रेडिओवर बोका म्हणाले होते." त्या हसल्या, पण कापलेली पपई न खाता तशीच माझ्याकडे सरकवली. मला फार वाईट वाटलं. अकरा वर्षं, आणि चार तासांसाठी राहिलं.

सभागृहात कुजबुज सुरू झालीच होती. खडकवाल्या देशांपैकी एकाचे प्रतिनिधी वकील होते, जाड भिंगाचे. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हटला की त्याला भूक लागायची. ते सालिमसाहेबांना म्हणत होते, "सर्वांत आधी अधिकाराचा प्रश्न घ्या. एका देशाला आज अधिकृत प्रतिनिधीच नाही. सह्या पुढे ढकलाव्या लागतील." पुढे ढकलणं म्हणजे होडी जाणं, हे त्यांनाही माहीत होतं.

सालिमसाहेब म्हणाले, "हो, घेऊ या. आधी काहवा." मग ते सगळ्यांदेखत रोझलीनबाईंकडे वळले. "शी उलूम, बाई? काही खबर?"

सालिमसाहेबांच्या हातात फोन होता, त्यांना सगळं ठाऊक होतं. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मान ताठ ठेवून म्हणाल्या, "काही नाही. सगळं क्षेम."

"देवाची कृपा," सालिमसाहेब म्हणाले आणि काहवा फिरू लागला. आता पाहुण्यांचा काहवा आटपेपर्यंत त्या विषयाला कुणी हात घालू शकत नव्हतं. बाई "चष्मा गाडीत राहिला" म्हणून उठल्या, तेओ मागोमाग गेले. जाताना बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता कप हलवायचा नाही हे मला समजलं.

वकीलसाहेबांनी एकाच काहव्यानंतर कप हलवला. बाकीच्यांनी दोन-तीन कपांत. मी हलवला नाही. चौथा कप. पाचवा. वाढणाऱ्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मी कप पुढे केला. सातव्याला वकीलसाहेब म्हणाले, "मॅडमना कॉफी फारच आवडलेली दिसते." मी म्हटलं, "आमच्याकडे अशी मिळत नाही हो." आठव्याला छातीत धडधडायला लागलं. नर्स असल्यामुळे ती का, हेही मला कळत होतं, त्यामुळे ती आणखी वाढली. सालिमसाहेब माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "पाहुण्याला घाई करू नये," आणि आणखी काहवा करायला सांगितला. मी, शहाद्याच्या पाटलांची सून, भरसभेत अकरा कप रिचवले. माझ्या सासूबाई हयात असत्या तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

बाहेर काय चाललं होतं, ते बाईंनी मला नंतर सांगितलं. पंतप्रधान फोन घेईनात, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तेओंनी आपणहून तोंड उघडलं. पंतप्रधानांची आई दर रविवारी पेटीच्या अगदी जवळच्या बाकावर बसते, तिचा नंबर त्यांच्याकडे होता. म्हातारीने झोपलेल्या मुलाच्या कानाला फोन लावला. पंतप्रधान आधी भरपूर चिडले. मग म्हणाले, "होडी मलाही पाहिजे. पण रोझलीन त्या खुर्चीत बसणार नाही आणि सही करणार नाही. तिथे आपलं आणखी कोण आहे?"

बाई म्हणाल्या, "तेओ आहे."

"मग तेओ करेल." आणि त्यांनी आईच्या वाणसामानाच्या वहीतलं पान फाडून, त्यावर अधिकारपत्र लिहून, सही-शिक्क्यानिशी त्याचा फोटो पाठवला. एवढ्या वेळात शिक्का आणायला कोण कसं धावलं असेल, कोण जाणे.

तेओ मात्र अडून बसले. इकबालभाई सांगत होते, "भाषा कळली नाय सिस्टर, पन मानूस रडत होता. गाडीतनं उतरंचना. मग बाईनं काय केलं, त्याच्या हातातल्या दोनी ब्यागा काडून घेतल्या आनि म्हनाली, यल्ला, म्हंजे चल आता."

अकरावा कप ओठाला लावला आणि दार उघडलं. पुढे तेओ, रिकाम्या हातांचं काय करायचं ते न कळल्यासारखे. मागे रोझलीनबाई, दोन्ही खांद्यांना बॅगा. तेओ झेंड्यामागच्या खुर्चीजवळ थबकले. बाईंनी खुर्ची ओढून दिली, त्यांची कॉलर नीट केली आणि स्वतः मागच्या खुर्चीत, बॅगा मांडीवर घेऊन बसल्या.

मी कप हलवला. इतका जोरात, की उरलासुरला काहवा पदरावर सांडला.

वकीलसाहेबांनी फोनवरचं ते पान दोनदा वाचलं, भिंगं पुसली, तिसऱ्यांदा वाचलं. "शिक्का आहे. चालेल," ते म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांचाही चेहरा सुटल्यासारखा झाला. तेओ प्रत्येक पानावर सही करण्याआधी मागे वळून पाहायचे. पहिल्या दोन पानांना बाईंनी मान हलवली. तिसऱ्या पानापासून त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या, मुद्दाम. उरलेली पानं तेओंनी न वळता केली. टाळ्या झाल्या तेव्हा मी रडत होते आणि लोकांना वाटलं कॉफी बाधली.

परतीला इकबालभाईंनी दोन किलो खजूर आणि गुहागरच्या घरचा पत्ता दिला. "गावी गेलाव तर आमच्याकडं जेवल्याबिगर जायाचं नाय." त्या रात्री विमानात माझा डोळ्याला डोळा लागला नाही. अकरा कप काही थोडे नव्हते.

पाच महिन्यांनी रोझलीनबाईंचा संदेश आला. त्या आता पुन्हा शाळेत शिकवतात. सुनेने मोठ्याने वाचून दाखवला, तो तसाच देते:

"सिस्टर, तुम्ही म्हणालात तशी होडी ठरलेल्या मंगळवारी आली. पहिल्याच फेरीला. माझा गुडघा सहा वर्षं दुखतोय. मंत्री असताना दाखवला नाही, कारण लोकांनी मला रांगेत पुढे घातलं असतं. या वेळी रांगेत उभी राहिले. जेट्टीपासून चर्चपर्यंत रांग होती. कुणीही मला पुढे जा म्हणालं नाही. संध्याकाळ झाली, होडी निघून गेली आणि माझा नंबर आलाच नाही. घरी येईपर्यंत मी वाटभर हसत होते."